दरवाजांआधी पंपांचे बोला

महोदय,

मुंबईतल्या मिठी नदीच्या पुराची चर्चा दरवर्षी नालेसफाईवरच येऊन थांबते. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराची रचना या निमित्ताने जरूर पाहावी. तिथला जुना भाग, म्हणजे डाउनटाउन आणि ओव्हर-द-ऱ्हाइन, खोलगट सपाटीवर आहे. माउंट ॲडम्स, क्लिफ्टन, प्राइस हिल टेकड्यांवर. जानेवारी 1937 मध्ये ओहायोची पातळी सुमारे 80 फुटांवर गेली. तिचे पाणी मिल क्रीक या उपनदीत उलटे शिरले आणि कारखान्यांची दरी बुडाली. म्हणून मिल क्रीकच्या मुखाशी बंधारा बांधला गेला, तो 1948 मध्ये पुरा झाला. ओहायो चढली की दरवाजे बंद होतात आणि आत अडलेले पाणी पंपांनी उपसून पलीकडे टाकले जाते. नुसते दरवाजे असते, तर मिल क्रीकच्याच पाण्याने वस्त्या बुडाल्या असत्या.

मिठीचे दुखणे नेमके हेच. भरतीला माहीमच्या खाडीतून पाणी आत रेटते, त्याच वेळी वरून विहार-पवई तलावांचा ओव्हरफ्लो येतो आणि कुर्ल्याचे क्रांतीनगर मधल्यामध्ये सापडते. गाळ काढायलाच हवा, पण साडेचार मीटरच्या भरतीपुढे तेवढ्याने भागत नाही. मुखाशी दरवाजे बसवायचे असतील, तर पंपांची क्षमता आणि पाणी साठवण्याची जागा पालिकेने आधी जाहीर करावी.

– एक वाचक, कुर्ला (पश्चिम)