उद्योजकतेचा एक तास भंगाराच्या गोडाऊनमध्येही घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली जवळपास प्रत्येक कॉलेजात इनोव्हेशन सेल असतो, हॅकॅथॉन म्हणजे ठरावीक तासांत आयडिया उभी करायची स्पर्धा होते आणि तिथे सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वापरलेली वस्तू फेकून न देता परत वापरात आणायची, हा विषय ठरलेला असतो. मी डिप्लोमाच्या मुलांना उद्योजकता शिकवते. मुलं जीव तोडून काम करतात, रात्र रात्र जागतात, पण आयडिया बघाल तर त्याच त्या, कचरा गोळा करायचं ॲप, सेन्सरवाली कचरापेटी, प्लास्टिकच्या विटा. मुलांची हुशारी कमी पडत नाही हो, त्यांनी भंगाराचं गोडाऊन आतून बघितलेलंच नसतं! सिलॅबसमध्ये मार्केट सर्व्हे आहे, पण तो गुगल फॉर्मवर होतो आणि फॉर्म भरणारे वर्गातलेच मित्र असतात.

म्हणून मी मुलांना जवळच्या एका गोडाऊनला घेऊन जाते. तिथल्या मावशी बोलता बोलता पाण्याच्या बाटलीचं झाकण काढतात, गळ्याची रिंग कापतात, लेबल ओढतात आणि सगळं वेगवेगळ्या पोत्यात टाकतात, कारण बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची आणि झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं, दोन्ही एकत्र वितळलं की माल खराब होतो आणि भाव पडतो. पुढे कारखान्यात बाटल्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात टाकतात तेव्हा चुकून राहिलेल्या झाकणाचे तुकडे वर तरंगतात आणि पेट तळाशी बसतं. घनता मुलांनी शाळेत मार्कांसाठी पाठ केलेली असते, तिच्यावर एवढा मोठा धंदा चालतो हे त्यांना तिथे कळतं. चिप्सचं पाकीट मात्र मावशी हातातच घेत नाहीत. प्लास्टिकचे थर आणि धातूचा पातळ मुलामा असे चिकटलेले असतात की सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकच नाही. थर्माकोलचंही तसंच, टेम्पो गच्च भरतो आणि काट्यावर वजन काहीच भरत नाही, डिझेलचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. एकदा हे बघितलं की मुलं ॲप विसरतात आणि विचारायला लागतात, मॅडम पाकीटच एका थराचं बनवलं तर चिप्स किती दिवस कुरकुरीत राहतील? हा प्रश्न माझ्या मते कुठल्याही बक्षीस मिळालेल्या प्रेझेंटेशनपेक्षा मोठा आहे.

वाहतुकीचा हाच हिशोब आपल्याकडे एका संस्थेने फार सुंदर सोडवलाय. उसाचं पाचट शेतकरी शेतातच पेटवून देतात कारण ते हलकं आणि पसरट, वाहून न्यायला परवडत नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने पाचट भट्टीकडे न्यायच्या ऐवजी भट्टीच शेतात नेली, तिथेच कोळसा केला आणि त्याच्या जळणासाठी कांड्या पाडल्या, 2002 साली या कामाला ॲशडेन हा ब्रिटनमधला शाश्वत ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळाला. आणि शिकवायचं कसं म्हणाल तर तेही नव्याने शोधायला नको, पुण्यापासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती असं प्रत्यक्ष हाताने करत शिकतात आणि गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करून देतात. समोर खरं गिऱ्हाईक असलं की काम कसं नीट होतं ते तिथे जाऊन बघावं.

आता मुख्य मागणी. कॉलेजं उद्योजकतेवर बोलायला बाहेरून पाहुणे बोलावतात, त्यांना मानधन देतात, चांगलंच आहे. मग कचरावेचक बायकांना का बोलवत नाही? पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना 1993 पासून आहे, स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. कुठली वस्तू कुठे विकली जाते, कुठली अडते आणि का अडते हे त्यांच्याइतकं आम्हा प्राध्यापकांना कधीच माहीत नव्हतं. त्यांना शाल-श्रीफळ देऊन सत्कार नको, तासाचे पैसे द्या आणि मुलांच्या प्रोजेक्टला मार्क द्यायच्या पॅनेलवर बसवा. त्या पहिलं हेच विचारतील की हा माल घेणार कोण, आणि तुमच्या मशीनमुळे माझं काम जाणार की वाढणार? प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी असलीच पाहिजेत, नाहीतर कचऱ्यातून पैसा करायच्या नादात ज्यांचं पोट आधीपासून त्यावर आहे त्यांनाच बाहेर ढकलणारे उद्योजक आपण तयार करू, याची मला खरंच काळजी वाटते.

आणि एक विनंती थेट तुम्हाला. तुम्ही सोन्याचा भाव छापता, मार्केट यार्डातल्या कांद्याचा छापता, तसा आठवड्यातून एकदा भंगाराचाही छापा. रद्दी, पुठ्ठा, पेट, दुधाच्या पिशव्या, लोखंड, पत्रा, तांबं एवढं असलं तरी पुरे. मुलांना कॉस्टिंग करायला खरे आकडे मिळतील आणि ओल्या पुठ्ठ्याला कोरड्यापेक्षा किती कमी भाव मिळतो हे घरोघरी वाचलं जाईल.

आपली,
उद्योजकता शिकवणारी एक शिक्षिका, पुणे