दुपट्ट्याच्या गाठीतला पेनड्राइव्ह

भाऊ, रामराम.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमचे मालक तुम्हालाच धरतील, ऐन हंगामात आपला लाइटवाला दुसऱ्या नाटक कंपनीच्या मांडवात काय करत होता म्हणून. वडश्यात, आपल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावात, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या दिवशी दुपारी चारला मी लॅपटॉप लावला. दुरुस्तीवाल्याने आदल्या आठवड्यात फॉर्मॅट मारून दिलेला. त्याला दोनदा बजावलं होतं, आत माझं काम आहे. ‘डी ड्राइव्हला हातच लावला नाही,’ म्हणे. खरंच नव्हता लावला. शोची फाइल डीमध्ये जशीच्या तशी, म्हणून मीही निर्धास्त. पण आमच्या चार मूव्हिंग हेडवर, म्हणजे मान फिरवणाऱ्या लाइटांवर, बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही; क्यूएलसी प्लस या लाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते कुठून असणार? कोणता चॅनल काय करतो त्याचा तक्ता समोर ठेवून त्यांची फिक्स्चर फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरला लाइटची ओळख करून देणारी फाइल, मीच बनवली होती. ती शोच्या फाइलमध्ये नसते, सी ड्राइव्हवर युजरच्या फोल्डरात वेगळी असते. तीच गेली. शो उघडला, पण सॉफ्टवेअरला ते चारही हेड साधे डिमर, म्हणजे नुसते कमी-जास्त होणारे दिवे, वाटायला लागले. मास्टर, म्हणजे सगळा उजेड एकदम कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढला तर उजेड कमी व्हायच्या ऐवजी हेडनं मान फिरवली! पडदे बांधणारी पोरं खो खो हसली. मला मात्र रात्रीचं नाटक दिसत होतं. दहाला पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत चालवायचं.

दुरुस्तीवाल्यानं फोन उचलला नाही. ज्यानं हेड विकले तो म्हणाला, ‘तक्ता पाठवतो.’ अजून पाठवतोच आहे. तो कागद माझ्याकडून कधीच हरवला होता, ती चूक माझी. आमच्यातल्या तिघांनी एकामागून एक तेच विचारलं, ‘बॅकअप नव्हता का ठेवला?’ अरे बाबांनो, होता ना! अर्धा होता, हेच तर दुखणं.

तुम्हाला फोन लावताना लाज वाटत होती. मागच्या होळीच्या आधी तुमचा लॅपटॉप लाइटला जोडणारा डीएमएक्सचा डोंगल जळाला, म्हणून तुम्ही आमचा जास्तीचा न्यायला आला होता. माझ्या लॅपटॉपवर तो लावून पाहता पाहता म्हणाला होतात, ‘तुही शोची फाइल अन् हे फिक्स्चरचं फोल्डर बी घेऊन ठेवतो, कामी येईल.’ मी तंबाखूचा खर्रा घोटत ‘हो हो’ म्हटलं आणि विसरलो.

फोनवर तुम्ही एकच विचारलंत. ‘उघडल्यावर सेव्ह नाही ना मारलं?’ नव्हतं मारलं. ‘मंग हात नको लावू. येतो.’

संध्याकाळी सातला गाडी मांडवामागं थांबली. थंडीनं तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्ही दुपट्टा काढला आणि त्याच्या टोकाची गाठ सोडायला लागलात. बाजाराच्या दिवशी म्हातारे पैसे बांधतात तशी गाठ. बोटं गारठलेली, सुटेना, शेवटी दातानं सोडली. आत पेनड्राइव्ह, त्यावर डॉक्टरी पट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेननं आमच्या कंपनीचं नाव. ‘उघडून नाही पाह्यलं,’ म्हणालात.

भाऊ, इथे गाण्याला कोणी कोणता रंग टाकतो यावर दुसऱ्या कंपनीच्या लाइटवाल्याचे डोळे असतात. माझे पण असतात, खोटं कशाला बोलू. माझ्या दोन हंगामांचं सगळं काम तुमच्या घरी वर्षभर पडून होतं. तुमच्या जागी मी असतो तर उघडलं असतं. निदान लावणीचे सीन तरी पाहिलेच असते.

पुढचं काम किती वेळाचं होतं म्हणा! आधी माझ्या फाइलची एक कॉपी काढायला लावलीत, मग फोल्डर जागेवर टाकलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. मास्टर ओढला, चारही हेड मुकाट मंद झाले. तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात, कारण तुमचंही नाटक दहालाच होतं आणि तिथून लांब.

२०२३ मध्ये आपल्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळी झाडीपट्टी नाचली, मीही नाचलो. पण हँडबिलावर लाइटवाल्याचं नाव अजून शेवटच्या ओळीत येतं, तेही जागा उरली तर. त्या रात्री तिसऱ्या अंकानंतर आमच्या निवेदकाला मी म्हटलं, एक नाव घ्या माईकवर. तुमच्या मालकाची आठवण आली आणि गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिला आहे. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी तुमचा लॅपटॉप घेऊन या. तुमचं फोल्डरही त्यातच टाकून ठेवतो. उघडून पाहणार नाही.