फिल्टर कॉफीतला फिल्टर कुठे आहे?

(कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या पत्राची ही प्रत. कंपनीचे नाव, शाखेचा पत्ता आणि माझा पत्ता गाळला आहे.)

सोलापूर
दिनांक: 12 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय: आपल्या सोलापूर शाखेत 'फिल्टर कॉफी' म्हणून पाकिटातली कॉफी दिल्याबद्दल आणि बिलात न विचारता 'एक्सपिरियन्स चार्ज' लावल्याबद्दल तक्रार.

संदर्भ: 27 एप्रिल 2025 चे रु. 1,016 चे बिल; माझी 28 एप्रिलची ई-मेल व तिला आलेले आपले उत्तर.

महोदय,

मी एसटीच्या सोलापूर विभागात लेखा शाखेत 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. हे सांगायचे कारण एवढेच, की बिल हातात आले की मी ते खालून वर वाचतो. सवय आहे. कॉफी बिघडल्याचा राग माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो, पण चुकलेले बिल मला रात्री झोपू देत नाही. हे पत्र दोन्हींबद्दल आहे.

आमची नात पुण्याहून सुट्टीला आली आहे. तिची सातवीची परीक्षा 25 एप्रिलला संपली (यंदा पोरांना एप्रिलअखेरपर्यंत वर्गात बसवले, तो राग वेगळा, तुमच्याशी त्याचा संबंध नाही). रविवारी संध्याकाळी तिला बाहेर न्यायचे ठरले. एरवी आमचे बाहेर खाणे म्हणजे पार्क चौकात भेळ, नाहीतर सात रस्त्याकडे काहीतरी गरम, आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावर चालून चालून पाय दुखेपर्यंत जे दिसेल ते. पण तिने तुमचा फलक पाहिला होता. 'अस्सल सोलापुरी चव' असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, खाली वाफाळता पितळी टंबलर आणि उखळाशेजारी लाल चटणीचा ढीग. फलक पाहून माझी पत्नीही तयार झाली. ती सहसा बाहेर कॉफी पीत नाही.

ती मूळची हुबळीची. लग्नात तिच्याबरोबर जे सामान आले त्यात पितळेचा कॉफी फिल्टर होता आणि तो अजून चालू आहे. आमच्याकडे रात्री जेवणानंतर वरच्या भांड्यात पूड घालतात, चकती हलक्या हाताने दाबतात, वरून उकळते पाणी ओततात आणि झाकून ठेवतात. थेंब थेंब करत काळा अर्क खालच्या भांड्यात उतरतो. घाई असेल तर पंधरा-वीस मिनिटांतही काम होते. सकाळी त्यात कडकडीत तापलेले दूध घालायचे, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस आणायचा, झाले. पुडीत 80 भाग कॉफी आणि 20 भाग चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते. म्हणजे चिकोरीला माझा विरोध नाही. तिने रंग येतो, अंगही येते. एवढे सविस्तर यासाठी लिहितो आहे, की तुमच्या मुख्य कार्यालयात फिल्टर कॉफी कशाला म्हणतात हे कोणालातरी माहीत असावे, अशी माझी समजूत होती.

तुमच्या शाखेत आधी ऑर्डर, आधी पैसे, मग हातात थरथरणारी एक चकती देतात. ती थरथरली की उठून काउंटरवर जायचे. गेलो. तेव्हा काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर एक पाकीट दातांनी नव्हे, कात्रीने (हे बरे केले) कापले, पूड कपात टाकली, मशीनखाली वाफेने तापवलेले दूध ओतले आणि कप ट्रेमध्ये ठेवला. मी विचारले, "फिल्टर कुठाय?" तो म्हणाला, "काका, फिल्टर हे फ्लेवरचं नाव आहे." मी पाकीट मागून घेतले. त्यावर झटपट कॉफी आणि चिकोरीचे मिश्रण असे स्वच्छ छापलेले होते. मी काही बोलायच्या आत तोच हळू आवाजात म्हणाला, "काय करू ओ काका, वरनंच असं येतंय. आमाला पन म्हाईतंय की." त्याची चूक नाही. माझी तक्रार त्या 'वरनं'शी आहे.

ट्रे मी टेबलावर आणला. पत्नीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "इदु काफी अल्ल." ही कॉफी नव्हे. सोलापुरात याचे भाषांतर करायची गरज पडत नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कन्नडमध्येच "खरं आहे" म्हणाले. तिने पुढे तो कप उचललाच नाही. माझा मी संपवला, कारण पैसे मोजलेली वस्तू टाकणे मला जमत नाही. गोड कोमट दुधाला जळका वास यावा तशी चव होती.

आता शेंगा चटणी. तुमच्या मेनूकार्डावर 'उखळात कुटलेली सोलापुरी शेंगा चटणी, खरपूस टोस्टवर' असे आहे. किंमत रु. 220. उखळ या शब्दाचा अर्थ आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ हे मुसळाने कुटत गेले की दाण्याचे तेल सुटते आणि चटणी जरा ओलसर, भरड होते. मुठीत दाबली तर गोळा होतो, सोडला तर मोडतो. मिक्सरमध्ये फिरवली तर कोरडा भुगा होतो नाहीतर लगदा, म्हणून तर कुटतात. कडक भाकरी चुरायची, वर चटणी, त्यावर दही किंवा कच्चे तेल. पाहुण्याला निघताना हातात देतात तीही हीच. एसटीच्या नोकरीत मुंबईला हिशोब तपासणीला जाताना मी दर वेळी अर्धा अर्धा किलोची पाकिटे नेत असे, आणि तपासणी बरी होत असे. (हा विनोद आहे.)

तुम्ही दिलेला पदार्थ पावावर सुरीने सारवलेला होता. गुळगुळीत, गोड, वरून तिखटाची चिमूट. नातीने चाखून सांगितले, "आजोबा, हे पीनट बटर आहे. आमच्या फ्रिजमध्ये असतं." तिला ते आवडले, तिने खाल्ले. वाईट नव्हतेच. पण मग त्याला पीनट बटर टोस्ट म्हणा. आमच्या गावाच्या नावाने दुसरेच काही विकले जाते याचा आम्हाला चांगला अनुभव आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी बाहेरगावी विणलेली हलकी चादर 'सोलापुरी' म्हणून खपवतात आणि एका धुण्यात तिचा रंग गेला की नाव आमच्या यंत्रमागवाल्यांचे जाते. तिथे निदान लबाडी परगावी होते. तुम्ही सोलापुरात येऊन, सोलापूरकराला, सोलापूरचे नाव लावून विकता.

नातीची कोल्ड कॉफी मात्र चांगली होती. तिने शेवटचा थेंब नळीने ओढताना जो आवाज केला तो दोन टेबलांपर्यंत गेला. त्याबद्दल तक्रार नाही.

पाणी मागितले तर 'फक्त बाटली' असे उत्तर आले. छापील किंमत रु. 20, बिलात रु. 60. हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे, ते मला ठाऊक आहे. तेव्हा हे 40 रुपये मी मागत नाही. पण सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि तरीही या गावात दारात आलेल्या माणसासमोर आधी तांब्या ठेवतात. एप्रिलच्या उन्हात टपरीवाला चहाच्या आधी न मागता ग्लासभर पाणी देतो, आणि चहा स्वतः आणून हातात देतो. त्याच्याकडे चहाव्यतिरिक्त कशाचेच पैसे लागत नाहीत.

म्हणजे बिलाकडे वळायला हरकत नाही. दोन फिल्टर कॉफी 360, टोस्ट 220, कोल्ड कॉफी 240, पाणी 60, बेरीज 880. इथपर्यंत ठीक. त्याखाली 'एक्सपिरियन्स चार्ज 10 टक्के', रु. 88. मग 968 वर 5 टक्के जीएसटी, रु. 48.40. एकूण 1,016.40, ते तुम्ही 1,016 केले.

हा चार्ज कशाचा, असे मी त्या मुलाला विचारले. त्याला सांगता आले नाही. मीच आठवून पाहिले. रांगेत मी उभा राहिलो. चकती थरथरल्यावर मी उठलो. ट्रे मी आणला, टिश्यू मी आणले, चमचा विसरला म्हणून पुन्हा मी गेलो. शेवटी 'कृपया ट्रे येथे ठेवा' ही पाटी वाचून ट्रे परत नेऊन ठेवला तोही मीच. सगळी सेवा मी केली आणि तिचे 88 रुपये तुम्ही घेतलेत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तुमच्या विधी विभागाकडे असतीलच. हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचे नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचे नाही. ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचे. आणि खाद्यपदार्थांच्या बिलात ते मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ही तत्त्वे कायम ठेवली. आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा त्या निकालाला महिना व्हायला एक दिवस बाकी होता. सेवाशुल्काचे नाव बदलून 'एक्सपिरियन्स' केल्याने ते वेगळे शुल्क होत नाही. आमच्या कार्यालयात प्रवासभत्त्याचे बिल वेगळ्या शीर्षाखाली टाकून पास करून घ्यायचा प्रयत्न करणारे लोक होते. आम्ही ते लाल शाईने परत पाठवत असू.

मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही असेही सांगण्यात आले. विक्रेत्याने नंबरचा आग्रह धरू नये असे ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच कळवले आहे. मी नकार दिल्यावर मुलाने दहा वेळा नऊ दाबले आणि बिल निघाले. तेव्हा तुमच्या यादीत जे अनेक नऊवाले ग्राहक दिसतात, ते आम्ही आहोत. अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक मात्र बिलावर व्यवस्थित होता, तेवढे मान्य करतो.

28 एप्रिलला हे सगळे थोडक्यात ई-मेलने कळवले. चार मिनिटांत उत्तर आले. एवढ्या वेळात माझी मेल पूर्ण वाचूनही होत नाही. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' आणि खाली रु. 50 चे कूपन. ते सात दिवसांत वापरायचे आणि बिल रु. 499 च्या वर असले तरच चालणार. म्हणजे 50 रुपये परत मिळवायला मी आणखी साडेचारशे खर्च करायचे, आणि त्यावर पुन्हा 10 टक्के. त्यानंतर दोन वेळा लिहिले, उत्तर नाही. म्हणून हे पत्र.

माझी मागणी मोजून मापून आहे. एक्सपिरियन्स चार्ज रु. 88 आणि त्यावरचा जीएसटी रु. 4.40. पत्नीने न प्यायलेली कॉफी रु. 180 आणि तिच्यावरचा जीएसटी रु. 9. बेरीज 281.40. तुम्ही पूर्णांकासाठी 40 पैसे सोडले होते, ते वजा करून रु. 281. माझ्या कॉफीचे पैसे मागत नाही, ती मी प्यायलो. टोस्टचेही नाही, तो नातीने खाल्ला. याशिवाय सोलापूर शाखेतल्या बिलातून तो चार्ज काढावा. आणि मेनूवर एकतर 'फिल्टर' व 'उखळात कुटलेली' हे शब्द खोडावेत, नाहीतर शाखेत फिल्टर आणावा आणि चटणी इथल्याच कोणाकडून घ्यावी. कुटून विकणाऱ्या बायका या गावात गल्लोगल्ली आहेत. फिल्टर कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहीन. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

कळावे,
आपला,
एक ज्येष्ठ ग्राहक
(सही, नाव व पत्ता मूळ पत्रात)

सोबत: बिलाची छायाप्रत, ई-मेलची प्रत, मेनूकार्डाचा फोटो आणि आपले 50 रुपयांचे कूपन, न वापरता परत.

ता. क. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने वागला आणि खरे बोलला. त्याचे नाव त्याच्या शर्टावर होते, ते मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. शाखेत फोन करून 'त्या संध्याकाळी ड्युटीवर कोण होते' हे विचारू नये.