वजन उतरवलेली खुर्ची

पुणे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मिलानला जाऊन दोन महिने होत आले तरी खुर्चीच्या प्रकल्पासाठी ‘कोणीच न केलेले’ असे काही सुचत नाही, म्हणून तू हिरमुसली आहेस, असे आईने वाचून दाखवताना माझ्या लक्षात आले. त्यावर मला एवढेच लिहायचे आहे की, तू ज्या शहरात बसून ही तक्रार करते आहेस, त्याच शहरातल्या जिओ पोंती यांची सर्वांत नावाजलेली खुर्ची मुळात नवी नव्हतीच.

इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरील कियावारी या गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून एक हलकी, विणलेल्या बैठकीची खुर्ची तयार होत आली आहे. देस्काल्झी नावाच्या कारागिराने १८०७ मध्ये तिला रूप दिले, आणि पुढे ती घरोघरी गेली. पोंती यांनी हीच खुर्ची समोर ठेवली. ते वास्तुविशारद होते, ‘दोमूस’ हे मासिक त्यांनी १९२८ मध्ये सुरू केले होते, मिलानची पिरेल्ली इमारत पुढे त्यांच्याच हातून उभी राहिली. पण या खुर्चीत त्यांनी स्वतःची कोणतीही करामत मिरवली नाही. ते फक्त वजन उतरवत गेले. १९५२ मध्ये ‘लेज्जेरा’, म्हणजे हलकी, झाली. आणि १९५७ मध्ये ‘सुपरलेज्जेरा’, जिचे वजन अवघे १.७ किलो आहे. मिलानच्या उत्तरेला मेदा येथे कासिना यांच्या कारखान्यात ती घडली. तिची मजबुती पाहण्यासाठी ती चौथ्या मजल्यावरून खाली टाकली आणि ती न मोडता चेंडूसारखी उसळली, असे सांगतात. गोष्ट थोडी फुगवलेली असली तरी मला ती आवडते.

तिच्या पायाकडे नीट पाहा. तो गोल नाही, चौकोनीही नाही. त्याचा छेद त्रिकोणी आहे आणि जाडी जेमतेम १८ मिलिमीटर. त्रिकोणामुळे लाकूड वाचते आणि नजरेला पाय आहे त्याहून बारीक दिसतो. मागचे पाय बैठकीच्या वर किंचित मागे कलतात, त्यामुळे पाठीला टेकण मिळते. लाकूड ॲश या झाडाचे आहे, ज्याचे तंतू लांब आणि चिवट असतात. हत्यारांच्या दांड्यांना ते वापरतात ते याचसाठी, कारण धक्का बसला तर ते तुटण्याआधी लवते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. तू लहान असताना मी आपल्या कारखान्यात तशीच खुर्ची सागवानात करून पाहिली होती. पाय गोल केले आणि भरपूर रंधले. ती उचलायला सुरेख होती. पण एका ग्राहकाच्या घरी पाहुणे तिच्यावर रेलून मागच्या दोन पायांवर झुलले, आणि बैठकीपाशी सांधा फाटला. मोडकी खुर्ची हातात घेऊन आपले मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, लाकूड कमी केलंत ते दिसतंय, सांध्याला काय ठेवलंत?’’ पोंतींची मेहनत कुठे गेली असेल ते मला त्या दिवशी समजले. बारीक पाय कोणीही रंधून काढतो. जिथे आडवा दांडा पायात शिरतो तिथे ताकद राखणे अवघड असते.

मिलानचेच डिझायनर कास्तिल्योनी बंधू यांची गोष्ट याहून उघड आहे. आकिल्ले आणि पिएर जाकोमो यांनी ट्रॅक्टरची लोखंडी बैठक उचलली, ती वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली, खाली एक लाकडी आडवी दांडी दिली, आणि ‘मेझ्झाद्रो’ हे स्टूल झाले. या शब्दाचा अर्थ अर्धेलीने शेत कसणारा, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही तो लगेच उमगेल. १९५७ मध्ये ते प्रदर्शनात मांडले गेले. नियमित उत्पादन मात्र झानोट्टा कंपनीने कित्येक वर्षांनी सुरू केले. १९६२ च्या त्यांच्या ‘आर्को’ दिव्यात छताला भोक न पाडता टेबलावर उजेड आणण्यासाठी कमान आहे, आणि ती उलटू नये म्हणून खाली सुमारे ६५ किलोचा कर्रारा संगमरवराचा ठोकळा. त्या ठोकळ्याला एक भोक आहे. पाहणाऱ्याला ते नक्षी वाटते, पण ते झाडूचा दांडा घालून दोघांनी दिवा हलवावा यासाठी आहे. इतका जड दिवा करताना तो घरात कोण आणि कसा सरकवणार, हा विचार ज्यांनी केला, त्यांच्याविषयी मला पोंतींपेक्षाही अधिक आपुलकी वाटते.

तेव्हा आता नवे शोधणे काही दिवस थांबव आणि रोज ज्यावर बसतेस अशी एखादी साधी खुर्ची घे. ती उलटी करून तिच्या प्रत्येक सांध्याचे चित्र काढ, आणि कुठून किती ग्रॅम कमी करता येतील ते मोजून लिही. सुपरलेज्जेरा कुठे दिसली, तर बैठकीच्या खालून मागच्या पायाच्या सांध्याचे रेखाचित्र काढून मला पाठव. ते मी मिस्त्रींना दाखवणार आहे. त्यांचा प्रश्न अजून माझ्याकडे उधार आहे.

तुझा,
बाबा