बाबा, रिपोर्टमधल्या त्या 'माइल्ड'बद्दल

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे नीट सांगताच येत नाही. मी दोन वाक्यं बोलले की बाबा "म्हणजे कॅन्सर नाहीये ना, झालं तर मग" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई, तू लगेच दुसरंच काहीतरी काढतेस कारण तुला तो विषयच नको असतो. म्हणून लिहितेय. लांबेल जरा. बाबा, चष्मा लावून स्वतः वाचा, आईकडून वाचून घेऊ नका, ती मधलं मधलं गाळते.

आधी जे ऐकायचंय ते ऐका. कॅन्सर नाही. जिभेच्या डाव्या कडेवरच्या त्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासला आणि रिपोर्टमध्ये 'माइल्ड एपिथेलियल डिस्प्लेझिया' असं आलंय. तुम्ही त्यातलं 'माइल्ड' तेवढं वाचलंत आणि रिपोर्ट विम्याच्या कागदांत लावून टाकलात, आईने सांगितलं मला. माझं भांडण त्या 'माइल्ड'शीच आहे. गेली दोन वर्षं माझा थिसिस नेमका त्याच शब्दावर चाललाय आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता की मुलगी दातांवर रिसर्च करते. दातांना मी हात लावून किती महिने झाले ते मलाच आठवत नाही बाबा, मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली असते.

तुमचा जो तुकडा काढला ना, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, तो आधी 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातो म्हणजे कुजत नाही, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन नावाच्या द्रवात बुडवायचं, मग वितळलेलं मेण आत मुरवायचं, आणि थंड झाला की मेणाचा एक छोटा ठोकळा हातात येतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो मायक्रोटोमवर लावून 4-5 मायक्रॉनचे काप काढायचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप एकाला एक चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात, ती रिबीन ब्रशने उचलून कोमट पाण्यावर अलगद सोडायची, तेव्हा मी अजूनही श्वास रोखून धरते, कारण जोरात श्वास सोडला तरी रिबीन उडून जाते. सुरुवातीला किती घालवल्या त्याचा हिशेब नको. रिबीन पाण्यावरून काचेच्या पट्टीवर घेतली की झाली स्लाइड. मग रंग. निळा-जांभळा रंग म्हणजे हिमॅटॉक्झिलिन, तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि तुरटीसारख्या क्षाराशिवाय पेशींना धरत नाही. गुलाबी रंग इओसिनचा. पेशीचं केंद्रक जांभळं, बाकी सगळं गुलाबी. एवढ्या दोन रंगांवर आमचं जग चालतं.

आता डिस्प्लेझिया. तोंडाच्या आतलं अस्तर थराथरांचं असतं, तळाला नवीन पेशी तयार होतात आणि वर सरकत सरकत चपट्या होतात, सगळं कसं शिस्तीत. ती शिस्त बिघडायला लागली, केंद्रकं मोठी आणि गडद झाली, तळासारख्या पेशी वरपर्यंत दिसायला लागल्या, तर त्याला डिस्प्लेझिया म्हणायचं. गडबड खालच्या एक तृतीयांशात असेल तर ढोबळमानाने माइल्ड, मधल्या भागापर्यंत पोचली तर मॉडरेट, त्याच्याही वर गेली तर सिव्हिअर. ऐकायला सोपं वाटतं. पण ही रेघ स्लाइडवर काढलेली नसते हो, ती माझ्या डोक्यात असते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या डोक्यात ती थोडी वर असते आणि सोमवारी माझ्याच डोक्यात थोडी खाली असते.

माझा थिसिस म्हणजे हेच. जुन्या स्लाइड्स घेतल्या, नंबरांवर पट्ट्या चिकटवल्या आणि तिघांनी वेगवेगळं बसून ग्रेड दिल्या. मग काही आठवडे जाऊ देऊन त्याच स्लाइड्स क्रम बदलून पुन्हा वाचल्या. मग कप्पा काढायचा. कप्पा हा एक आकडा आहे, जेकब कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली मांडलेला. दोन माणसं नुसती नाणी उडवून उत्तरं द्यायला लागली तरी निम्म्या वेळा जुळतीलच की नाही, तर ते योगायोगाने जुळणं वजा करून खरं एकमत किती उरतं ते कप्पा सांगतो. 1 म्हणजे पूर्ण एकमत. 0.41 ते 0.60 मध्ये आला तर त्याला 'मध्यम' म्हणतात. दुसऱ्यांशी माझं मध्यम जुळेल हे मी धरूनच चालले होते, या विषयावरचे बहुतेक पेपर तेच रडगाणं गातात. पण माझं माझ्याशीच मध्यम जुळलं! एकच स्लाइड, एकच बाई, आधी माइल्ड लिहिलं आणि काही आठवड्यांनी मॉडरेट. त्या दिवशी जेवले नाही मी. गाईड म्हणाले, लिही तसंच.

तेव्हा लागलं, आता वाटतं बरोबर बोलले. कारण आमच्या या इवल्याशा क्षेत्रात एक फार वाईट प्रकरण होऊन गेलंय. ऑस्लोमधल्या एका संशोधकाने 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पेपर छापला, 908 लोकांचा, की काही वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांना तोंडाचा कॅन्सर कमी होतो. नंतर कळलं की ती माणसंच नव्हती. सगळा डेटा रचलेला, आणि 908 पैकी 250 जणांची जन्मतारीख एकच! पेपर मागे घेतला, चौकशी झाली, आणि मग त्याचा जुना पेपरही गेला, तो तर थेट ल्युकोप्लेकियावर होता, म्हणजे तुमच्यासारख्या पांढऱ्या चट्ट्यांवर, की पेशींमधला डीएनए मोजून कुठला चट्टा कॅन्सर होणार ते सांगता येतं. आकडे इतके स्वच्छ होते की लोकांना खरे वाटले. डीएनए मोजण्यावर इतर लॅब्समध्ये प्रामाणिक काम चालू आहे, ती गोष्ट वेगळी. पण माझा मळकट कप्पा निदान खऱ्या माणसांच्या खऱ्या स्लाइड्सवरचा आहे.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. तुमची स्लाइड मी मागवून पाहिली. आपल्या माणसाची स्लाइड वाचू नये हे मला पहिल्या वर्षापासून माहितीये, तरी मागवली. संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर लावली, आधी 4 च्या लेन्सखाली, मग 10, मग 40. एका कोपऱ्यात केंद्रकं गडद, एकमेकांवर रेललेली, आणि ती वरपर्यंत गेल्यासारखी दिसत होती. मी कागदावर 'मॉडरेट' लिहिलं आणि खोलीवर येऊन झोपलेच नाही. सकाळी परत पाहिली, ब्लॉकमधले जरा खोलवरचे काप काढून घेतले, तेव्हा दिसलं की तो कोपरा तिरका कापला गेला होता. तिरका काप म्हणजे कसं, घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यातून सुरी सरळ न घालता आडवी तिरपी घातली तर सगळ्यात खालची एकच चादर खूप जाड असल्यासारखी दिसेल ना, तसं. तळाचा थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि डिस्प्लेझिया नसताना आहे असं वाटतं, किंवा आहे त्याहून वाढलेला वाटतो. मी दुसऱ्या कागदावर 'माइल्ड' लिहिलं. आता मला खरंच ते दिसलं की मला ते दिसायला हवं होतं म्हणून दिसलं, हे माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून नाव न सांगता गाईडसमोर ठेवली. त्यांनी पाच मिनिटं पाहिली आणि म्हणाले माइल्ड, फॉलोअप ठेवा.

तर तुमचं 'माइल्ड' हे वजनकाट्यावरचं माप नाही, दोन-तीन जोडी डोळ्यांचं मत आहे, चांगलं मत आहे, पण मतच. आणि तेही त्या बटणाएवढ्या तुकड्याबद्दलचं. 1953 साली स्लॉटर नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे 783 पेशंट अभ्यासले तेव्हा त्यांना दिसलं की गाठीच्या आजूबाजूचं वरून चांगलं दिसणारं अस्तरही बिघडलेलं असतं. म्हणजे एकच रोपटं नाही, अख्खा वाफाच पाहायला हवा. म्हणून डॉक्टर दर वेळी सगळं तोंड बघतात, जीभ ओढून मागपर्यंत बघतात आणि तुम्ही कुरकुर करता.

आणि ते "मला कसलंही व्यसन नाही, मला काय होणार" हे आता बंद करा प्लीज. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे खरंच, पण व्यसन नसलेल्या माणसाला असा चट्टा उठला तर आम्ही उलट जास्त लक्ष ठेवतो, कारण तंबाखूवाल्याचा चट्टा सवय सुटली की पुष्कळदा कमी होतो, तुमच्याकडे सोडायलाच काही नाही. त्यात जिभेची कड ही तशी जोखमीची जागा. घाबरवत नाहीये, असे बहुतेक चट्टे आयुष्यभर तसेच राहतात नाहीतर नाहीसे होतात. फक्त कुठला तसा राहणार नाही ते आज कुणालाच आधी सांगता येत नाही, आम्हाला तर नाहीच.

डॉक्टरांनी सुरुवातीला टोकदार दाढ घासून दोन आठवडे थांबवलं म्हणून तुम्ही चिडला होतात, "दोन आठवडे फुकट घालवले." अहो, दाताचं टोक जिभेला घासून आलेला पांढरेपणा तेवढ्यात आपोआप जातो. तुमचा गेला नाही, म्हणूनच तर बायोप्सी केली.

आई, आता तू. गालाच्या आत दात मिटतात तिथे जी बारीक पांढरी रेघ आहे ना, ती मलाही आहे, बऱ्याच जणांना असते, ती बोटाने चाचपणं सोड. तुझी काळजी मला दुसरीच आहे, तू वरची कवळी रात्री काढत नाहीस. टाळू लालभडक झालाय तो त्यानेच, कवळीखाली बुरशी वाढते आणि दुखत नाही म्हणून तुला कळतही नाही. झोपताना काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची. कोण बघतंय ग रात्री तुला.

बाबा, तीन महिन्यांनी बोलावलंय, तारीख आईच्या फोनमध्ये टाकलीये मी, तुमच्या फोनवर माझा भरवसा नाही. रिपोर्ट विम्याच्या फाइलमधून काढून समोरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि महिन्यातून एकदा खिडकीच्या उजेडात जीभ उजवीकडे वळवून आईला फोटो काढायला सांगा, दर वेळी त्याच जागी उभं राहून, म्हणजे मला आधीच्या फोटोशी ताडून पाहता येईल. मध्येच कुठे लाल झालं, चिर पडली, खडबडीत लागलं तर तारखेची वाट न बघता जा.

मागच्या फोटोत अर्ध्या जिभेवर आईचा अंगठाच आलाय.

तुमची,
धाकटी