धाब्यावरची माती

गांधीधाम, कच्छ
रविवार, १८ फेब्रुवारी २००१

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. इथलं पोस्ट सध्या तंबूत आहे. पोस्टमनच्या स्वतःच्या घराला भिंत राहिली नाही, पण टपाल वाटतो बिचारा. पत्ता म्हणून घर उरलेलं नाही, तर नावाने हाका मारत फिरतो.

रागावू नका, पण भूकंपानंतरचा २८ जानेवारीचा माझा निरोप खोटा होता. उपग्रहाच्या फोनपाशी शंभर माणसांची रांग, प्रत्येकाला एक मिनिट. दुकानवाल्या काकांनी तुम्हाला बोलवायला पोरगं धाडलं, तेवढ्यात मिनिट संपत आलं. मग काकांनाच सांगितलं, ‘मी ठीक आहे, खोली ठीक आहे, काही झालं नाही.’ त्यातलं ‘मी ठीक आहे’ एवढंच खरं. दादाने पेपरातले फोटो दाखवल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आता सगळं सरळ लिहितो. तिला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. तिला कळतंच.

२६ तारीख, शुक्रवार. कांडल्याच्या रस्त्यावर आमच्या ट्रकांच्या यार्डात झेंडावंदन होतं. वेळ साडेआठची, पण शेठ नेहमीसारखे उशिरा आले. त्यांच्या या खोडीवर मी वर्षभर कुरकुर केली आहे. ते वेळेवर आले असते तर झेंडा फडकवून आम्ही सगळे गोदामात जिलबी खायला बसलो असतो, आणि गोदाम त्या दिवशी जमिनीला टेकलं. आम्ही उघड्यावर होतो, दोरी शेठच्या हातात होती. आठ वाजून शेहेचाळीस मिनिटं.

आधी आवाज आला. भरलेल्या ट्रकांचा तांडा उतरणीवरून यावा तसा, पण खालून. मग जमीन चालायला लागली. रिकामे ट्रक जागच्या जागी उड्या मारत होते आणि विजेचे खांब ज्वारीच्या ताटांसारखे डोलत होते. मी उभं राहायला गेलो, पडलो. उठलो, पुन्हा पडलो. मग बसूनच राहिलो, दोन्ही हात जमिनीवर, जसं काही मीच तिला धरून ठेवणार होतो. लोक दोन मिनिटं म्हणतात. मला तर एक ट्रक भरून होईल एवढा वेळ वाटला.

मिठागरांच्या बाजूला जमीन फाटली आणि करडं पाणी वाळूसकट वर उसळलं. इथली जमीन तुम्ही पाहिली नाही, आप्पा. आपली काळी माती पावसात पायाला चिकटते, इथे उन्हात मीठ चकाकतं, आणि वर उगवतं काय, तर वेडी बाभूळ. वरून कोरडीठाक दिसते, पण समुद्राच्या अंगाला खाली ओली वाळू आहे. जोराचा हिसका बसला की ती घट्ट राहत नाही, वरणासारखी पातळ होते. बंदरावरची एक उंच इमारत त्यामुळेच कलली, पडली मात्र नाही. रणातही पुष्कळ ठिकाणी पाणी वर आलं. पावसाला आसुसलेला मुलूख आहे, सरस्वती वर आली असं म्हणणारेही भेटले.

खोलीचं सांगतो. आमची चार मजली इमारत खांबांवर उभी होती, खाली गाड्या लावायची मोकळी जागा. त्या खांबांनी गुडघे टेकले. पहिला मजला रस्त्यावर आला आणि माझा दुसरा मजला पहिल्याच्या जागी. जिन्याखाली चौकीदाराचं बिऱ्हाड होतं. तो दूध आणायला गेलेला, बायको आत चूल पेटवत होती.

यंत्रं कुठली येणार पहिल्या दिवशी? आम्ही यार्डातून ट्रकांचे जॅक आणले. एका कोपऱ्यात जॅक, दुसऱ्यात ओंडका, असं करत रात्रभरात छत हातभर उचललं. मध्येच जमीन हलायची, मग सगळे पळायचे आणि पुन्हा यायचे. ती सापडली तेव्हा सकाळ झाली होती. चौकीदार काही बोलला नाही, फक्त तिच्यावर घालायला काही आहे का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. मी शिडी लावून खिडकीतून माझ्या खोलीत चढलो आणि गोधडी काढून आणली. आई, तीच, तुझ्या लग्नातल्या लुगड्याच्या काठांची. तिच्यातूनच नेलं तिला. ‘थंडीत गोधडी घेतोस ना’ असं तू विचारलंयस, म्हणून लिहिलं. घाईने दुसरी शिवायला बसू नकोस, डोळ्यांचं आधी बघ.

तेव्हापासून बाहेरच झोपतो. पहिल्या चार रात्री ताडपत्रीखाली, आता तंबू मिळालाय. दिवसा ऊन आणि रात्री हाडं वाजतील अशी थंडी. आणि ते ‘आंचके’. इथले लोक धक्क्याला आंचको म्हणतात. २८ ला अजून उजाडायचं होतं, तेव्हा मोठा आला. ८ तारखेला रात्री पुन्हा एक आला, तर अर्ध्या उभ्या राहिलेल्या भिंतीही गेल्या. बारके किती, ते मोजणं सोडून दिलं. मी पितळी तांब्या भरून उशाशी ठेवतो. जाग आली की आधी पाणी हलतंय का ते बघतो. पुष्कळदा पाणी स्थिर असतं आणि हलत मीच असतो. नुसता ट्रक सुरू झाला तरी माणसं ताटावरून उठतात, आणि आमचा तर धंदाच ट्रकांचा.

केवढा होता म्हणून विचारलंत. आपलं हवामान खातं ६.९ म्हणतं, अमेरिकावाले साडेसातच्या वर नेतात. तो वाद त्यांचा त्यांना. मूळ चोबारी गावाजवळ, भचाऊ तालुक्यात. कच्छला हे नवं नाही. १८१९ साली रणात असा झाला की सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि जमिनीचा लांबच लांब बांध वर आला, त्याला अल्लाबंद म्हणतात. १९५६ चा अंजारचा भूकंप आठवणारे म्हातारे तर आमच्या तंबूंतच आहेत.

दहा-बारा दिवस मी मदतीच्या ट्रकांबरोबर फिरतोय. भचाऊत ओळखायला काही ठेवलेलं नाही. अंजारला शाळेची पोरं झेंडे घेऊन अरुंद गल्लीतून फेरीला निघाली होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. त्या गल्लीपाशी आमचा ड्रायव्हर, एरवी तोंडाचा पट्टा न थांबणारा, हॉर्नसुद्धा न वाजवता गेला. एवढंच लिहितो.

मात्र भुजच्या पुढे बन्नीत, रणाच्या कडेला, एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून घरचाच विचार डोक्यात आहे. तिथे गुरं पाळणाऱ्या मालधारी लोकांची गोल घरं असतात, भुंगा म्हणतात त्यांना. मातीची गोल भिंत, वर गवताचं हलकं टोपीसारखं छप्पर. त्यातली बहुतेक उभी! तडे गेलेत, पण उभी. आणि दगड मातीत रचून वर जड छत घातलेली घरं, चांगल्या खात्यापित्या लोकांची, पार ढिगारा. पाहणीला आलेला एक अभियंता आमच्याच ट्रकात होता. तो म्हणाला, भूकंप माणूस मारत नाही, डोक्यावरचं वजन मारतं. जमीन हिसका देते तेव्हा जितकं वजन वर, तितका मोठा झोका, आणि मातीत रचलेली भिंत तो पेलू शकत नाही.

मी कुठला म्हणून त्याने विचारलं. चोपडा तालुका म्हटल्यावर म्हणाला, तुमच्या सातपुड्यातही झालाय की, १४ मार्च १९३८ ला, चांगला सहाच्या वरचा. मला एकदम आजी आठवली. ‘होळीना तोंडवर धरती हालनी व माय’ असं ती सांगायची आणि आपण हसायचो, म्हातारीला गोष्टी सुचतात म्हणून. परवा हिशेब केला, त्या साली होळी दोनच दिवसांवर होती.

आप्पा, आता तुमच्याशी बोलतो. त्र्याण्णव साली विसर्जनाच्या रात्री किल्लारी झालं, तेव्हा गावाने गोळा केलेलं धान्य घेऊन तुम्ही गेला होतात. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हा तुम्हीच म्हणालात, दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवद, माणसं झोपेतच गाडली गेली. माळवद म्हणजे काय, मातीचं सपाट छत, आपलं धाबंच ना? आणि पुढच्या जेठात पुन्हा खारी माती आणून तुम्ही धाब्यावर टाकलीतच. दरसाल गळू नये म्हणून वर एक थर, जुना कोणी काढत नाही. मी लहान होतो तेव्हा पन्हाळीचं तोंड मातीच्या वर होतं, आता बुडत आलंय.

वजनाचा हिशेब माझं पोटापाण्याचं काम आहे. माजघर पंधरा बाय बारा. माती दीड फूट धरली तरी बारा टन होतात. आमच्या एका ट्रकात नऊ टन माल जातो. म्हणजे सव्वा ट्रकाहून जास्त माल आजोबांच्या वेळच्या लाकडी किलचनावर, त्याखालच्या एका सऱ्याला, तुळईला, वाळवी लागलेली, आणि त्याखाली तुमच्या दोघांच्या खाटा.

तुम्ही म्हणाल, माती काढली तर वैशाखात घर तापेल. आजोबांच्या वेळी वीतभरच माती होती आणि घर तेव्हाही गार होतं, हे तुम्हीच सांगता. वीतभर ठेवू, बाकीची उतरवून मळ्यात टाकू. वाळवीचा सरा बदलू. पैसे मी पाठवतो, तेवढं शिल्लक आहे. पत्रे घाला असं मी म्हणत नाही, आई, तू काळजी करू नकोस.

‘सगळं सोडून निघून ये’ असं लिहिलंत. आत्ता नाही येत. ट्रक सोडायला माणसं कमी आहेत, आणि शेठने माझा पगार न मागता दिला. आखाजीला, अक्षय तृतीयेला, नक्की येतो, पंधरा दिवसांची रजा घेऊन, आणि धाब्यावर मीच चढतो. तुम्ही गुडघे घेऊन शिडीवर चढायचं नाही. तोवर खाटा ओसरीत घ्या. थंडी आता ओसरली असेल.

केळीला थंडीचा चरका बसला म्हणालात, किती झाडं गेली ते कळवा. आणि एक काम करा. दादाला वर चढवून मागच्या कोपऱ्यात पहारीने भोक पाडायला सांगा, किलचन लागेपर्यंत. माती किती वीत निघते ते मोजून उलट टपाली लिहा. पत्त्यावर इमारतीचं नाव घालू नका, नुसतं यार्डाचं घाला.

तुमचा,
सुनील