नव्या कॅनूच्या चाचणीत धावून आलेल्यांचे आभार

खळाळत्या पाण्यासाठी बनवलेल्या नव्या उघड्या कॅनूची चाचणी घेताना मदतीला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार! दोन्ही टोकांना तळ जास्त वर उचललेला असल्याने ती चटकन वळते, सरळ ठेवायला मात्र वल्हं सतत चालवावं लागतं. खरी परीक्षा ती उलटल्यावर झाली. उघड्या नावेत शेकडो लिटर पाणी भरतं, आणि लिटरमागे एक किलो वजन. हवेच्या पिशव्यांनी ती तरंगत राहिली, पण खालच्या वळणावर सज्ज उभ्या असलेल्या ताईंनी दोर अचूक फेकला नसता, तर खडकावर आदळून दुमडलीच असती. वाहतं वल्हं पकडणाऱ्या काकांचेही आभार. आणि बैठक जरा मागे सरकवायला सांगणारे दादा, तुमचं म्हणणं खरं ठरलं: पुढचं टोक आता लाटेत कमी बुडतं.